मंद आच

पलंगाच्या त्याच्या बाजूचं, उशाशी असायचं ते छोटं कपाट
मी अठ्ठावीस डिसेंबरच्या रात्री रिकामं केलं.
आत निघालं ते एवढंच:
एका हाताचा मोजा, दाढीची तीन पाती,
लिफ्टच्या डबीत टाकायला जमवलेली चिल्लर
(आमची लिफ्ट नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही)
आणि जुना चष्मा, दांडीला तार गुंडाळलेला.
नवा तो पोलंडला घेऊन गेला,
ट्रकच्या काचेतून लांबचं नीट दिसावं म्हणून.

लिलेला शेगडी हवी होती.
रिओनीच्या पुलापलीकडच्या दुकानात आहे एक, गुलाबी,
बटण दाबलं की तेल तडतडल्याचा आवाज काढते.
किमतीची चिठ्ठी वाचली
आणि उलटी करून ठेवली,
लाज तिलाच वाटेल अशी.

झाऊरकाकांनी ड्रिल दिलं, सोबत न मागितलेला सल्ला:
बिजागरी खालून लाव,
भट्टीचं दार खाली पडतं, बाजूला उघडतं ते कपाट.
त्यांची बायको म्हणाली, नवरा परत आला की काय सांगशील?
मी म्हटलं, जेवायला बस, असं सांगेन.

चटणीच्या बरण्यांची चार झाकणं, काळी रंगवून.
न्हाणीघरातला गळका नळ, जो शेवटी बदलला होता,
तो आता गळणार नाही, त्याला पाणीच नाही.
सदऱ्याच्या खोक्याचं पारदर्शक झाकण भट्टीच्या खिडकीला.
बंद पडलेल्या रेडिओची दोन बटणं:
एक आवाजाचं,
एक स्टेशन शोधायचं.
रंग गॅलरीच्या कठड्याचा उरलेला, हिरवा,
शेवाळासारखा. दुसरा नव्हता.

वास कसला येतोय?
शेजारी भिंत रंगवतायत. झोप.
रात्री?
रात्री.

एकतीसला बारा वाजता सगळं कुताइसी फटाक्यांनी हादरलं
आणि बर्फाचे आजोबा येऊन गेले,
बर्फ नसतानाच.
लिले शेगडीभोवती एक फेरी मारून आली,
मग खाली बसली, मग आडवी झाली,
कपाटाच्या पोटाखाली हात घातला
आणि म्हणाली, इथे माझा मासा आहे.
दोन वर्षांपूर्वी चिकटवलेला स्टिकर.
सगळीकडे रंग दिला, तिथेच तेवढा नाही.

मी उत्तरांची जुळवाजुळव करत होते:
आजोबांचा कारखाना, आजोबांची घाई,
सगळ्या कपाटांखाली मासे असतातच.
पण तिने ते विचारलंच नाही.
तिने विचारलं,
मग बाबाचा चष्मा कुठे राहणार?

मी ओट्यावरचा डबा उघडून दाखवला.
ती चष्मा घेऊन गेली,
भट्टीचं दार पाडलं (झाऊरकाका बरोबर होते),
तारेची दांडी आत दुमडली,
दार लावलं,
आणि दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून,
स्टेशन शोधायचं बटण जरासंच फिरवलं.
मंद ठेवलाय, म्हणाली. नाहीतर करपेल.

संध्याकाळी फोनच्या चौकोनात वाझा आला,
मागे ट्रकचा पडदा, पडद्यामागे कुठला तरी थांबा,
थंडीने नाक लाल.
काय शिजतंय, लिले?
तुझा चष्मा.
तो माझ्याकडे बघत राहिला. मी खांदे उडवले.
झाला का?
तिने फोन माझ्या हातात दिला, जाऊन खिडकीतून डोकावली,
परत येऊन सांगितलं:
अजून कच्चा आहे. तू ये, तोवर होईल.

रात्री नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेले,
गॅसची कळ बंद आहे ना, दोनदा पाहिलं.
मग त्या हिरव्या शेगडीपुढे वाकले,
सवयीने हात बटणाकडे गेला.
नखात रंग होता अजून.
बटणाला हात लावला नाही.
खोलीतला दिवा तेवढा बंद केला.